छावणीचे मैदान आणि हॉकीची काठी

बेळगावचे नाव निघाले की कुंदा आठवतो, थंड हवा आठवते आणि सीमाप्रश्नही आठवतो. हॉकीची आठवण मात्र क्वचितच निघते. वस्तुतः १९६४ साली टोकियो येथे पाकिस्तानचा १-० असा पराभव करून भारताने ऑलिंपिक सुवर्णपदक पुन्हा मिळविले, त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. गोलरक्षक होते शंकर लक्ष्मण. ते जन्माने महूचे. परंतु सैनिक मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, आणि त्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे.

शंकर लक्ष्मण १९४७ साली लष्करात दाखल झाले ते बँडपथकातील वादक म्हणून. आरंभी त्यांचा ओढा फुटबॉलकडे होता. पुढे १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत भारताचा गोल त्यांनीच राखला. तिन्ही वेळा समोर पाकिस्तानच होता, आणि तिन्ही सामने मिळून चेंडू त्यांच्या मागे गेला तो एकदाच! १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा कर्णधारपदही त्यांच्याकडेच होते.

वादकाचा गोलरक्षक कसा झाला? लष्करात खेळ हा शिस्तीचाच एक भाग मानला जातो. ध्यानचंदांनीही हॉकीचे खरे धडे गिरविले ते सैन्यात. खेळाडूच्या घरची ऐपत तेथे कोणी विचारीत नसे. अंगी गुण असला की मैदान मिळे, काठीही मिळे. छावणीच्या गावातील मुलांना असा खेळ उंबरठ्यापाशीच पाहावयास मिळतो, आणि पाहता पाहता मुले शिकतात.

त्या पिढीचा खेळ मातीचा व गवताचा होता. उंचसखल जमिनीवर चेंडू केव्हा उसळेल याचा नेम नसे. म्हणून तो काठीशी खिळवून ठेवण्याची कला श्रेष्ठ ठरली. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. चेंडू सरळ व वेगाने धावू लागला. कौशल्याइतकेच महत्त्व दमाला आले. पुढे ऑफसाइडचा नियम गेला, तुतीच्या लाकडाच्या काठीची जागा तंतुमिश्रित काठीने घेतली, आणि आंतरराष्ट्रीय सामना पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन डावांऐवजी पंधरा मिनिटांच्या चार भागांत विभागला गेला.

या बदलाबद्दल केवळ हळहळणे योग्य नव्हे. जुन्या काळी ऑलिंपिक हॉकी पुरुषांपुरतीच होती. १९८० साली मॉस्कोला महिलांचे संघ प्रथम उतरले, तेव्हा भारताच्या मुलीही त्यांत होत्या. टोकियो आणि पॅरिस येथे भारतीय पुरुषांनी मिळविलेली कांस्यपदके नव्या मैदानावरचीच आहेत.

प्रश्न आहे तो समान संधीचा. मातीवर निपाणीचा मुलगा आणि महानगरातील मुलगा यांच्यात अंतर होते ते गुणांचे. कृत्रिम मैदानाला मात्र कोट्यवधी रुपये लागतात, भरपूर पाणी लागते. मातीवर वाढलेला मुलगा निवड चाचणीच्या दिवशी प्रथमच त्या मैदानावर उभा राहिला, तर त्याचे पाय अडखळणारच. हा दोष त्याच्या गुणांचा खास नव्हे. एका बँडवादकाला ज्या व्यवस्थेने मैदान दिले, काठी दिली आणि धीर दिला, तसे पाठबळ आजच्या मुलामुलींना मिळावे, एवढेच या आठवणीचे मागणे आहे.