फुलीचा टाका आणि न संपलेले वाक्य

भरतकामाच्या नमुनापटाला इंग्रजीत 'सॅम्पलर' म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिन 'एक्झेम्प्लुम्' या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ आहे उदाहरण, नमुना. आज सॅम्पलर म्हटले की चौकटीत बसवलेले, काचेआड जपलेले, पूर्णत्वाला गेलेले एक चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये त्याचे रूप वेगळे होते. ती एक लांब, अरुंद कापडाची पट्टी असे आणि गुंडाळून पेटीत ठेवली जाई. कुणाकडे नवी वेलबुट्टी दिसली, एखादा अवघड टाका जमला, की तो त्या पट्टीवर उतरवून घ्यायचा. १५२० नंतर ऑग्सबुर्गसारख्या शहरांतून नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली खरी, पण ती प्रत्येक घरात पोहोचणे शक्य नव्हते. तेव्हा ही पट्टी म्हणजे बाईची स्वतःची टिपणवहीच होती. वही 'पुरी' होत नाही. त्यामुळे हे काम किती पुढे सरकले, हा प्रश्नच त्या काळी उद्भवत नसावा.

सालाची नोंद असलेला सर्वांत जुना ब्रिटिश सॅम्पलर जेन बोस्टॉक या बाईचा आहे आणि तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. साल १५९८. अ‍ॅलिस ली नावाच्या, १५९६ मध्ये जन्मलेल्या मुलीचा जन्मदिवस त्यावर अक्षरांत भरला आहे. वर प्राणी आणि झाडे आहेत, खाली नमुन्यांचे चौकोन. यातली मला सर्वांत बोलकी वाटते ती बाब अशी की काही आकृत्या भरून मागाहून उसवल्याच्या खुणा त्या कापडावर अद्याप दिसतात. भरतकाम करणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको की उसवणे हा या कलेचा निम्मा भाग आहे. एक घर मोजताना चुकले की सारी ओळ सरकते आणि तासाभराचे काम पंधरा मिनिटांत सुईच्या टोकाने परत घ्यावे लागते.

पुढे अठराव्या शतकापर्यंत चित्र पालटले. सॅम्पलर मुलींच्या शिक्षणाचा भाग झाला. पट्टीचा आकार रुंद झाला, भोवती किनार आली. आत मुळाक्षरे, आकडे, एखादे नीतिपर वचन आणि शेवटी मुलीचे नाव, वय व साल. हे शेवटचे तीन तपशील महत्त्वाचे आहेत, कारण त्यांनी काम संपले असे जाहीर होते. टिपणवहीची उत्तरपत्रिका झाली! फुलीच्या टाक्याला त्या काळी इंग्रजीत 'खुणेचा टाका' असेही नाव होते, आणि त्यामागे शुद्ध व्यवहार होता. मोठ्या घरांतील चादरी, रुमाल, टेबलावरची कापडे धुलाईत हरवू नयेत म्हणून त्यांवर मालकाची आद्याक्षरे व क्रमांक याच टाक्याने घातले जात. गरीब घरची मुलगी अक्षरे भरायला शिके ती दुसऱ्याच्या चादरीवर दुसऱ्याचे नाव घालण्यासाठी. ब्रिस्टलच्या म्यूलर अनाथालयातील मुलींचे एकोणिसाव्या शतकातील नमुनापट पाहावेत. अनेकदा केवळ लाल दोरा, आणि लहान-लहान अक्षरांच्या इतक्या दाट ओळी की बोट ठेवायला जागा नाही. नोकरीच्या बाजारात सादर करावयाचे ते प्रमाणपत्र होते.

या कामाचा संथपणा बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून थोडे गणित मांडतो. आज बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या जाळीदार कापडावर एका इंचात चौदा फुल्या बसतात. म्हणजे चौरस इंचाला १९६. वीस इंच रुंद व पंचवीस इंच उंच असा मोठा नमुनापट पूर्ण भरायचा तर फुल्या होतात ९८,०००. तासाला शंभर धरल्या तर ९८० तास, आणि रोज एक तास मिळाला तर पावणेतीन वर्षे. दोरे बदलणे, घरे मोजणे, उसवणे यांचा वेळ यात धरलेलाच नाही. आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी बाई गेली कित्येक वर्षे असाच एक पट भरत आहेत. किती झाला असे विचारले की त्या उत्तर न देता दोरा ओवतात.

आपल्याकडेही टाके मोजून भरण्याची परंपरा नवी नाही. इरकली लुगड्यांवर दिसणाऱ्या धारवाडकडच्या कशिद्यात 'मेंथी' नावाचा टाका आहे, आणि तो फुलीचाच आहे. शाळांतून, विशेषतः मिशनऱ्यांच्या शाळांतून, मुलींना शिवणटिपण शिकवले गेले. पुढे मॅटीवर भरलेले 'सुस्वागतम्' मध्यमवर्गीय मराठी घरांच्या भिंतींवर आले, आणि रुखवतात मुलीने भरलेले रुमाल-पडदे मांडले जाऊ लागले. रुखवत आणि सॅम्पलर यांत फार अंतर आहे असे मला वाटत नाही. दोन्हींत मुलीचा वेळ लोकांपुढे मांडून दाखवला जातो. असो.

रोझ्सिका पार्कर यांनी १९८४ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दाखवून दिले की भरतकामाने मुलींना आज्ञाधारकपणा शिकवला, आणि त्याच भरतकामाने बायकांना स्वतःचे काही म्हणण्याचे साधनही दिले. हे मान्य करूनही एक पुरवणी जोडावीशी वाटते. साधन सुई होती हे खरे, पण सुईबरोबर जो संथ वेळ येतो त्याचा विचार व्हायला हवा. मान खाली घालून बसलेल्या बाईला 'काय करतेस' असे कुणी विचारत नाही. ती विचार करते आहे हे दिसत नाही.

याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण आडनावाने पार्करच असलेल्या दुसऱ्या एका बाईचे आहे (हा निव्वळ योगायोग). एलिझाबेथ पार्कर १८१३ मध्ये जन्मली. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील अ‍ॅशबर्नहॅम हे तिचे गाव. बाप मजूर, भावंडे दहा. १८३० च्या सुमारास तिने तागाच्या पांढऱ्या कापडावर लाल रेशमाने एक पट भरला, तोही आज त्याच लंडनच्या संग्रहालयात आहे. त्यावर किनार नाही, फूल नाही, घर नाही. ४६ ओळी, सतराशेहून अधिक शब्द, सगळे फुलीच्या टाक्यात. आरंभीच ती सांगते की आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून एखाद्या विश्वासातल्या माणसाशी बोलावे तसे हे मांडत आहे. तेराव्या वर्षी ती मुले सांभाळायला घराबाहेर पडली. पुढे एका लेफ्टनंटच्या घरी, मालकाच्या दुष्ट हेतूला विरोध केला म्हणून तिला जिन्यावरून खाली फेकण्यात आले. मग आत्महत्येचा मोह, त्या मोहाचे पाप वाटणे, आणि एका डॉक्टरने दिलेला धीर.

एका अक्षराला सरासरी दहाच फुल्या धरल्या तरी हा मजकूर साठ-सत्तर हजार फुल्यांच्या घरात जातो. शाईने हे निवेदन एका रात्रीत उतरले असते. तिला कित्येक महिने लागले असणार, आणि त्या सर्व काळात जिन्यावरून फेकले जाण्याचे ते वाक्य तिने एकेका अक्षराने पुन्हा सोसले असणार. इतक्या संथ गतीने माणूस आवेगात बोलू शकत नाही. टाका घालण्यापूर्वी शब्द ठरलेला असावा लागतो. म्हणूनच याला निव्वळ आक्रोश म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हे विचारपूर्वक केलेले लेखन आहे.

मजकूर आपल्या आत्म्याचे काय होईल या प्रश्नाशी, वाक्याच्या मध्येच थांबतो. खाली बरेचसे कापड मोकळे आहे. नाव, वय, साल यांची नेहमीची ओळ नाही. दोरा संपला म्हणून ती थांबली नसावी. इतके भरणाऱ्या बाईला लाल रेशमाची आणखी एक लडी मिळवणे अशक्य नव्हते. काही अभ्यासकांना त्या रिकाम्या जागेत तिचे मरण दिसले होते. प्रत्यक्षात ती जगली, अ‍ॅशबर्नहॅमच्याच शाळेत शिक्षिका झाली, बहिणीची मुलगी तिने वाढवली, आणि १८८९ मध्ये वयाच्या शहात्तराव्या वर्षी वारली. त्या पटाच्या खालच्या भागात मात्र तिने पुढे एकही टाका घातलेला नाही.