संगणकीय जाळ्यांतील कोंडी आणि बॅटरीचे आयुष्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकीय जाळ्यांच्या इतिहासात संदेशांची कोंडी आणि बॅटरीचे आयुष्य हे प्रश्न सामान्यतः स्वतंत्रपणे अभ्यासले जातात. वस्तुतः या दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे? प्रस्तुत लेखात १९७१ ते २००२ या कालखंडातील तीन टप्प्यांच्या आधारे या संबंधाचा मागोवा घेतला आहे.

१) अलोहानेट :
नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये अलोहानेट हे बिनतारी जाळे सुरू झाले. त्याचा नियम साधा होता. संदेश केव्हाही पाठवावा. पोच न आल्यास टक्कर झाली असे समजून काही अनिश्चित काळ थांबावे व पुन्हा पाठवावा. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा कमाल १८.४ टक्केच उपयोग होतो, असे गणिताने दिसून आले. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये संदेश ठरावीक कालखंडांच्या आरंभीच पाठवण्याचे बंधन सुचवले आणि हे प्रमाण ३६.८ टक्क्यांवर गेले. स्वातंत्र्यावर थोडे बंधन येताच सर्वांचाच लाभ दुप्पट झाला.

२) १९८६ ची कोंडी :
ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. दोन्ही ठिकाणांतील अंतर सुमारे ४०० यार्ड होते. रखडलेली पॅकेटे हरवली असे समजून संगणक ती पुन्हा पाठवीत होते आणि कोंडीत भर घालीत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय संयमाचा होता : आरंभ हळू करावा आणि पॅकेट हरवताच वेग आवरावा. यासाठी कोणतीही मध्यवर्ती सत्ता लागली नाही.

३) संवेदकांची जाळी :
अमेरिकेतील मेन राज्याच्या ग्रेट डक बेटावर २००२ मध्ये पेट्रेल या सागरी पक्ष्यांच्या अधिवासाच्या अभ्यासासाठी ३२ संवेदक बसवण्यात आले. माणसाच्या वावराने घरट्यांना बाधा पोहोचते. म्हणून वारंवार सेल बदलणे इष्ट नव्हते. दोन पेन्सिल सेलांवर नऊ महिने काम चालावे, हे उद्दिष्ट होते. त्याच वर्षी वेई ये, जॉन हायडमन व डेबोरा एस्ट्रिन यांनी 'एस-मॅक' ही पद्धत मांडली. टक्कर, इतरांचे संदेश ऐकणे, नियंत्रण-संदेशांचा भार आणि काहीच येत नसताना ऐकत राहणे ही ऊर्जेच्या अपव्ययाची चार कारणे त्यांनी दाखवली. संवेदकांनी ठरावीक काळ झोपावे आणि एकत्र जागे व्हावे, हा त्यांचा उपाय होता. टक्कर झालेला संदेश पुन्हा पाठवावा लागतो. त्यामुळे येथे कोंडीची किंमत थेट बॅटरीला मोजावी लागते.

समारोप :
तिन्ही टप्प्यांत उपाय संयमाचाच होता. मात्र त्याचे मोल विलंबाने चुकवावे लागते. बिळातील तापमानाची नोंद काही काळ थांबू शकते. आगीची सूचना थांबू शकत नाही. म्हणून कोणता संदेश किती थांबू शकतो, हे ठरवणे केवळ तांत्रिक काम नाही. तो अग्रक्रमाचा, म्हणजेच मूल्यांचा निर्णय आहे.