हॉस्पिटलिस्ट

रुग्णालयात दाखल रुग्णांची देखभाल हेच मुख्य काम असलेला डॉक्टर. दाखल झाल्यापासून सुटी होईपर्यंत तपासण्या, औषधे आणि विशेषज्ञांचे सल्ले यांची सांगड तो घालतो. ही संज्ञा रॉबर्ट वॉक्टर व ली गोल्डमन या अमेरिकन डॉक्टरांच्या १९९६ मधील लेखामुळे रूढ झाली.

महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत या नावाचे पद नाही. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयासारख्या ठिकाणी हे काम मुख्यतः वॉर्डातील वैद्यकीय अधिकारी, भिषक आणि परिचारिका करतात. धानपट्ट्याच्या या जिल्ह्यात त्याचे मोल पावसाळ्यात विशेष जाणवते. सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटांत गोठते का, हे पुनःपुन्हा पाहावे लागते. पापण्या जड होणे, श्वास मंदावणे यांवरही सतत नजर हवी. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका आला, तर वेदनाशामके व द्रवपदार्थ वेळेत मिळणे निर्णायक ठरते. सकाळची एक फेरी याला पुरत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे याच रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालके दगावली. ७ वाचवली गेली. केवळ डॉक्टरांचे पद निर्माण करून अशी आग टळत नाही, परंतु वॉर्डात चोवीस तास जबाबदार माणसे असणे ही चैन नव्हे.

रुग्णाला नागपूरला हलवताना दिलेली औषधे, मात्रा व वेळा संदर्भचिठ्ठीत नीट लिहिणे, हेही याच कामात मोडते.