दाम कोणाच्या हिशेबाने?

कारागिरांच्या वस्तूंवर लावलेली ‘फेअर ट्रेड’ची चिठ्ठी पाहिली की ही कल्पना युरोपातून आली, असे आपण गृहीत धरतो. हॉलंडमध्ये ‘मॅक्स हावेलार’ हे चिन्ह १९८८ साली निघाले, तेही कॉफीसाठी. (त्याचे नाव मुलतातुलीच्या १८६० सालच्या कादंबरीवरून घेतलेले आहे, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) त्याआधी त्रेपन्न वर्षे वर्ध्यात हाच प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारला गेला होता.

अखिल भारत चरखा संघाची स्थापना १९२५ सालची. खादी स्वस्त व्हावी म्हणून पहिली दहा वर्षे संघ धडपडला आणि त्या स्वस्ताईचा भार मुख्यतः सूत कातणाऱ्या बायांनी वाहिला. गांधीजींना ही विसंगती बोचली. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत, असे त्यांनी सुचवले. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याच्या बैठकीत संघाने ठराव केला : आठ तासांच्या कुशल कामाची मजुरी इतकी असावी की शास्त्रीय प्रमाणानुसार किमान आहार आणि वर्षाला वीस वार कापड त्यातून भागावे. आठ आणे एकदम देणे शक्य झाले नाही. परंतु मजुरी बाजारभावाने नव्हे, तर कातणारीच्या गरजेवरून ठरावी, हे तत्त्व मान्य झाले. त्याच वर्षी विनोबा नालवाडीत कताईच्या मजुरीवर जगून पाहत होते.

खादी महागली तर गिऱ्हाईक जाईल आणि त्याबरोबर कातणारीचे कामही, ही कार्यकर्त्यांची भीती निराधार नव्हती. संघ विक्रेत्यांना प्रमाणपत्रे देई. पण प्रमाणपत्र नसलेली स्वस्त खादी बाजारात होतीच. ही कोंडी आजच्या हस्तकला-व्यापारालाही सुटलेली नाही.

तरीही आम्हाला तो ठराव वाचताना एक गोष्ट खटकते. अन्न आणि वस्त्र मोजले गेले. घरभाडे, औषध, मुलांचे शिक्षण यांचा हिशेब त्यात नाही. शिवाय कातणाऱ्या बहुतेक स्त्रिया, आणि ठरावाच्या भाषेत त्या केवळ घेणाऱ्या आहेत, बोलणाऱ्या नाहीत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे पाहायला विद्यार्थ्यांना न्यावे, तेव्हा त्यांच्याकडून हाही प्रश्न विचारून घ्यावा : वीस वार पुरतात, हे त्या बाईला कोणी विचारले होते?