शास्त्रीय परिभाषा आणि शिक्षणसुधारणा : अव्वल इंग्रजीतील तरुण अध्यापकांचे कार्य

अव्वल इंग्रजीच्या काळातील मराठी वृत्तपत्रे, मासिके आणि क्रमिक पुस्तके यांची नोंद वाङ्मयेतिहासात आदराने केली जाते. मात्र त्यांचे अनेक कर्ते गणित, ज्योतिष वा पदार्थविज्ञान शिकविणारे, विशी-तिशीतील अध्यापक होते, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विद्या लोकांपर्यंत नेणे आणि विद्यालयांची व्यवस्था सुधारणे ही दोन्ही कामे त्यांनी एकत्रच हाती घेतली. त्यांचा हा योग आकस्मिक नव्हता; शास्त्रीय भाषेच्या जडणघडणीतच त्याचे कारण सापडते.

या परंपरेचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांच्यापासून होतो. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' काढले, तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापण्याची त्या पत्राची पद्धत हा भाषेच्या दृष्टीने एक प्रयोगच होता. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापन करीत असता त्यांनी ताम्रपट व शिलालेख यांवर निबंध लिहिले. १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढून त्यात भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन आदी विषय मराठीत मांडले. शिक्षकांना शिकविणारा वर्गही त्यांनी चालविला. चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे हे सर्व कार्य आजच्या भाषेत उमेदवारीच्या वयातले होय.

त्यांच्या पश्चात व्यक्तीची जागा संस्थेने घेतली. १३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी साहित्य आणि शास्त्र यांचा अभ्यास करणारी सभा स्थापिली. तिच्या ज्ञानप्रसारक शाखांतून मराठी व गुजराती भाषांत व्याख्याने होऊ लागली. मराठी शाखेचे नेतृत्व व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. निबंधवाचनाने या सभेचे समाधान झाले नाही. १८४९ मध्ये तिच्या सभासदांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि आपले नित्याचे काम सांभाळून तेथे स्वतः शिकविले. पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित व पदार्थविज्ञान यांचे पहिले भारतीय प्राध्यापक झालेले दादाभाई नौरोजी त्या वेळी चोविशीत होते.

याच सुमारास शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला होता. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांचा पक्ष उचलून धरला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाची, विशेषतः शास्त्रांची, भाषा इंग्रजीच ठरली.

या निर्णयाचा परिणाम परिभाषेवर काय झाला, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. जांभेकरांनी कलनशास्त्रावरील आपल्या ग्रंथाला 'शून्यलब्धि' हे नाव दिले. शब्द अर्थवाहक आहे, सुघटित आहे. तरीही तो रुळला नाही. याउलट 'रेल्वे' हा परका शब्द पाहावा. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला. त्या मार्गावरील वर्धा जिल्ह्यातील एका गावाची ओळखच आज 'सिंदी (रेल्वे)' अशी आहे; वर्ध्यालगतची 'सिंदी (मेघे)' तिच्यापासून या शब्दानेच वेगळी होते. मराठीत 'लोहमार्ग' हा प्रतिशब्द असूनही गावनावात शिरला तो 'रेल्वे'. शब्द देशी की परका, यावर त्याचे आयुष्य ठरत नाही. त्याला रोजचा व्यवहार लाभतो की नाही, यावर ठरते. 'रेल्वे'ला स्थानक मिळाले, 'शून्यलब्धी'ला वर्ग मिळाला नाही. शास्त्रीय संज्ञेचा व्यवहार म्हणजे वर्ग, परीक्षा आणि प्रयोगशाळा. ती दारे बंद राहिली की उत्तम संज्ञाही ग्रंथनामापुरती उरते.

विद्यालयाबाहेर असा व्यवहार मिळवून देण्याचा यत्न केरो लक्ष्मण छत्रे यांनी केला. कुलाबा वेधशाळेत अनुभव घेतलेल्या या गणितज्ञाने १८६० मध्ये 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडत होते. नव्या कोष्टकांनी ते दूर करता येत होते. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून या गणितावर आधारलेले पंचांग निघू लागले. त्यातील अयनांश रूढ मानापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी असल्याने अधिकमास व सण यांत फरक पडे. म्हणून ते सर्वमान्य झाले नाही. परंतु वेधसिद्ध गणिताचा वाद त्यामुळे घराघरांत पोहोचला. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी या पंचांगशुद्धीचा पुरस्कार केला आणि आजचे टिळक पंचांग त्याच परंपरेतले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी तर १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हे मूलगामी संशोधनच मराठीत प्रसिद्ध केले. त्याच्या पहिल्या भागाचा इंग्रजी अनुवाद सात दशकांनंतर, १९६९ मध्ये निघाला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षणपरिषदेने मातृभाषेच्या माध्यमाचा ठराव केला, तेव्हा १८४० च्या दशकातील प्रश्नच शालेय पातळीवर पुन्हा उभा राहिला. विद्यापीठीय शास्त्रशिक्षणात तो अद्याप सुटलेला नाही. परिभाषाकोश सिद्ध झाले, विज्ञानविषयक नियतकालिके निघाली. परंतु तरुण संशोधकाने मराठीत केलेल्या लेखनाला पदवी व पदोन्नती यांच्या हिशेबात स्थान अत्यल्पच राहिले. हे लेखन फावल्या वेळचे समाजकार्य समजले जाते, तोवर कोशांतील शब्दांची गत 'शून्यलब्धी'हून निराळी होण्याचा संभव नाही. एल्फिन्स्टनच्या तरुणांनी एका हाताने मासिक चालविले आणि दुसऱ्या हाताने शाळा उघडल्या, त्यामागील व्यवहारज्ञान हेच होते : शब्द घडविणाऱ्याने तो जेथे वापरला जाईल ती जागाही घडविली पाहिजे.