‘ताप’ या रकान्यात हरवलेले मृत्यू

१/ जून १९१८. मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. हा ताप हिवतापाचा नव्हता. काही दिवसांतच तो शहरभर पसरला आणि जुलैत ओसरला.

२/ सप्टेंबरमध्ये तो परतला, तो जीवघेणा होऊनच. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. बळींमध्ये ऐन उमेदीच्या वयातील स्त्री-पुरुषांचे प्रमाण मोठे होते.

३/ इन्फ्लुएंझाची साथ माणसांच्या वेगाने प्रवास करते, आणि १९१८ मध्ये माणसे रेल्वेने प्रवास करीत होती. बंदरातून निघालेली साथ लोहमार्गांनी घाट ओलांडून देशाच्या अंतर्भागात शिरली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. धान्य महागले होते. अर्धपोटी शरीरे तापापुढे टिकली नाहीत. पूर्वेकडे बंगालपर्यंत पोहोचताना मात्र साथीचा जोर बराच मंदावला.

४/ सरकारला हे दिसत कसे होते? गावातील मृत्यूची नोंद पाटील किंवा चौकीदार देई. ती टप्प्याटप्प्याने वर सरके. नोंदवहीत पटकी, देवी, प्लेग, ताप असे ठरावीक रकाने असत. इन्फ्लुएंझाला स्वतंत्र रकाना नव्हता. बहुतेक बळी ‘ताप’ या सदरात गेले. अनेक ठिकाणी नोंद ठेवणारेच आजारी पडल्याने तीही कोलमडली.

५/ म्हणून मृतांची गणना वजाबाकीने करावी लागली : त्या वर्षीच्या मृत्यूंतून नेहमीच्या वर्षांची सरासरी वजा करून. प्रारंभीचा सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेनंतर तो एक कोटीच्या पुढे गेला. पुढील अभ्यासकांचे अंदाज साधारण १ कोटी २० लाख ते २ कोटी या दरम्यान आहेत. भारताच्या जनगणनांच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे दशक एकच : १९११ ते १९२१.

६/ मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था.

७/ ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यातच झाला. या वेळी घशातील स्रावाच्या तपासणीतून आजाराचे नाव प्रयोगशाळेत निश्चित होत होते. १९१८ च्या मृतांना ते नाव मिळाले नाही. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘ताप’ एवढाच शब्द उरला.