‘तेरुक्कुरल’ : रस्त्याच्या आवाजाचा पहिला गीतसंग्रह

चेन्नईत येणाऱ्या मराठी माणसाला येथील संगीत बहुधा दोन द्वारांनी भेटते : एक मार्गळी महिन्यातील सभांचे, दुसरे चित्रपटांचे. परंतु उत्तर चेन्नईच्या श्रमिक वस्त्यांत ‘गाना’ नावाचे तिसरे गाणे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. मृताला निरोप देताना ते गायिले जाते. प्रतिष्ठित सभागृहांत मात्र त्याला क्वचितच स्थान लाभले.

जानेवारी २०१८ मध्ये दिग्दर्शक पा. रंजित व संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गायक-वादकांचा संच या नगरीत प्रथम रंगमंचावर आला. पंडित अयोत्तिदास (१८४५–१९१४) यांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या संज्ञेतून त्याचे नाव घडले. त्यात अरक्कोणमचे तरुण कवी अरिवु होते. २०१९ मध्ये त्यांनी संगीतकार ऑफ्रो यांच्या साथीने ‘तेरुक्कुरल’ हा आपला पहिला गीतसंग्रह, कोणत्याही चित्रपटाचा आधार न घेता, स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. शब्द त्यांचे आणि कंठही त्यांचाच, घाट रॅपचा.

‘तेरु’ म्हणजे रस्ता, ‘कुरल’ म्हणजे आवाज. तिरुवळ्ळुवरांच्या ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथनामाशी त्याचे नादसाम्य आहे. शेवटच्या ‘ल’ आणि ‘ळ’मधील भेद मराठी कानाला चटकन उमगतो. थोर ग्रंथाच्या नावाशेजारी रस्त्याचा आवाज मांडण्यातच कवीचे म्हणणे सामावले आहे. वेगळे बोलणाऱ्याला देशविरोधी ठरविण्याच्या वृत्तीला त्यातील ‘अँटी-इंडियन’ हे गीत उत्तर देते.

आम्हां मराठी जनांना हा स्वर परका वाटण्याचे कारण नाही. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनीही स्वतः रचले, स्वतः गायिले आणि समाजाला जागविले. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत पोटासाठी मुंबईस आलेल्या श्रमिकाचा विरह आहे; तर २०२१ मध्ये अरिवु व गायिका धी यांच्या कंठातून जगभर पोहोचलेल्या ‘एन्जॉय एन्जामी’त श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून मायदेशी परतलेल्या आजीच्या आठवणी आहेत. घर सोडावे लागण्याचे दुःख दोन्हीकडे एकच.

परप्रांतात राहून आपण आपली भाषा जपतो, हे योग्यच. परंतु ज्या नगरीने आपल्याला आश्रय दिला, तिच्या सभांइतकेच तिच्या रस्त्यांचेही ऐकावे. शाहिरांचा वारसा सांगणाऱ्यांना तो आवाज ओळखता आला नाही, तर त्या वारशाला अर्थ तो काय उरला?